अंगाला चोळलेली माती

म्हैसूर, १६ नोव्हेंबर २०२५

संताजी,

पत्र फाडायच्या आधी एवढं वाच की हे भांडायला लिहिलेलं नाही. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. वाचता येत नाही असं सांगू नकोस. मराठी अक्षरं तुला मी छडी मारून शिकवलीत, ती अशी विसरत नाहीत.

मागच्या रविवारी सहाना हूटगळ्ळीहून आली होती. तिच्या फोनवर तुझे हात पाहिले. फोटो तू बहिणीला पाठवलास, मला नव्हे, हे ठाऊक आहे. ऊटीच्या थंडीत तळहातांना भेगा पडून रक्त आलंय आणि पोटऱ्यांवरची कातडी खवल्यांसारखी सुटलीय. खंडोजी वस्तादाचा मुलगा असले हात घेऊन शाळेतल्या पोरांना कसरत शिकवतो, यात लाज माझी जाते. बेचाळीस वर्षं मी गरडीत, आपल्या तालमीत, पोरांना कुस्ती शिकवली, त्यांची अंगं रगडली. कातडं कसं सांभाळायचं हे मला डॉक्टरनं सांगायला नको.

ऐक. कढत पाण्यानं आंघोळ बंद कर. थंडीत बरं वाटतं, पण ते पाणी अंगातलं होतं नव्हतं तेवढं तेल धुऊन नेतं. कोमट पाणी घे आणि दहा मिनिटांत बाहेर ये. साबण काखेत, जांघेत आणि पायांना, बाकी अंगाला हिरव्या मुगाचं पीठ. टॉवेलानं खसाखसा पुसू नकोस, पाणी टिपून घे आणि अंग ओलसर आहे तोवरच तेल चोळ. सुकल्यावर लावलं तर पाणी निघून गेलेलं असतं, मग तेल नुसतं वरच्यावर बसतं. झोपताना टाचांना आणि तळव्यांना व्हॅसलीन लावून वर सुती मोजे घाल. हातालाही. हसणारे हसोत. लोकर उघड्या अंगाला लागू देऊ नकोस, आत बनियन हवा. खोलीत हीटर असेल तर जवळ पातेलंभर पाणी ठेव. आणि ओठ चाटू नकोस. त्या खोडीपायी लहानपणी किती थोबाडीत खाल्ल्यास, तरी गेली नाही.

उजव्या हाताची ती दोन बोटं थंडीत ठणकत असतील. त्यांना आधी शेक, मग तेल. कुस्तीत पडल्यामुळे मोडली असंच मी सगळ्यांना सांगितलंय. तूही तेच सांगत असशील.

तुझी आई बरी आहे. ताट वाढते, समोर ठेवते आणि आत जाते. माझ्याशी बोलली त्याला येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. गरडी मी या दसऱ्यानंतर पुन्हा उघडली. नऊ पोरं येतात. त्यातला प्रद्युम्न जरा कामाचा आहे, बावीस वर्षांचा, तुझ्याइतका नाही पण हाताला चिकट आहे.

अप्पा

म्हैसूर, ४ डिसेंबर २०२५

संताजी,

उत्तर नाही. पण सहानाला कळवलंस म्हणे, की कोमट पाण्यानं फरक पडला आणि भेगा मिटायला लागल्या. वाचून बरं वाटलं आणि लगेच डोक्यात तिडीक गेली. मग मला एक ओळ लिहायला काय झालं? हात मोडलाय का?

लिहून गेलो. खोडत नाही. हो, मोडलाय, आणि तो मी मोडला. कागदावर पहिल्यांदाच लिहितोय. कुस्तीत तू पडलासच कुठे? पडला तो तुझ्यासमोरचा विजयेंद्र.

तू असं समजू नकोस की मला पश्चात्ताप झालाय. मी जे केलं ते कुठल्याही वस्तादानं केलं असतं. टी. नरसीपूरच्या बाजूला जत्रेत सकाळच्या गारठ्यात पाच हजार माणूस बसलेलं. तुझं अंग थंडीनं फुटलेलं, आणि परक्या हौद्याची कच्ची माती भेगांत गेली की आग होते, म्हणून मी आपल्या गरडीची माती डबा भरून नेली होती. आंजनेयाच्या पायांशी ठेवून नेली होती. हौद्याच्या कडेला उभं राहून मी माझ्या हातांनी ती तुला मानेपासून घोट्यापर्यंत चोळली. पंचानं तुझ्या पाठीवरून, छातीवरून हात फिरवला. अंग कोरडं होतं. विजयेंद्रनंही सलामीला तुझ्या खांद्याला हात घासून पाहिला होता. त्याच्याही हाताला काही लागलं नाही.

आठव्या मिनिटाला त्यानं तुला कळाजंगवर घेतलं. खांद्यावर पूर्ण उचललं होतं आणि मी मनात म्हटलं, संपलं, मुलगा चीत. मग तुझा दंड त्याच्या मुठीतून सटकला. त्याचा तोल गेला, तो डोक्यावर गेला आणि त्याच्या मानेवर तुझं ब्याण्णव किलोचं अंग. तो आवाज हलगीच्या वर ऐकू आला. ओली फांदी पिळून तोडावी तसा.

पंचानं तुझ्या पाठीवर पांढरं धोतर ओढलं. धोतराला तांबडा, तेलकट पट्टा उठला. मग जत्रेत एकच गलका, एण्णे, एण्णे. तेल लावून आला. चपला आल्या, दगड आले. एक दगड तुझ्या कानशिलाला लागला तेव्हा तू विजयेंद्रच्या तोंडातली माती बोटानं काढत होतास.

मी काय करणार होतो? पोलीस लांब उभे. लोक तुला फाडून खाणार. कुणाच्या तरी हातातली काठी घेतली आणि मीच सुरू केलं. वस्ताद स्वतः मारतोय म्हटल्यावर लोक थांबले. असं मी तीन वर्षं स्वतःला सांगतोय, की तुला वाचवायला मारलं.

पण मग घरी आल्यावर का मारलं? घरी तर कुणी बघत नव्हतं.

घरात मी दार लावलं आणि विचारलं, "तेल कुणी दिलं? नाव सांग." तू म्हणालास, "मी लावलो नाही अप्पा, आंजनेयाची आण." मी आंजनेयाच्या नावाला काठी मारली. प्रत्येक फटक्याला तेच विचारत होतो, नाव सांग, नाव सांग. लावलं नाहीस तर मग आलं कुठून? तू त्यावर एकदाही तोंड उघडलं नाहीस. तुझी आई मध्ये आली, "साकु, पुरे करा, मारून टाकणार काय त्याला?" म्हणाली. तिलाही एक बसली, मनगटावर. तू तिच्यावर आडवा हात धरलास आणि ती दोन बोटं त्यात गेली.

खोटं बोलणाऱ्याला मारलं, एवढंच मला अजूनही वाटतं. तू एक नाव सांगितलं असतंस तर मी थांबलो असतो.

थंडी वाढलीय. सकाळी हौद्यात उतरताना माझेही पाय तडकतात.

अप्पा

म्हैसूर, २१ डिसेंबर २०२५

संताजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता एका दमात लिहितो.

काल पहाटे साडेसहाला पोरं हौद्यात होती. या आठवड्यात थंडी अशी पडलीय की सगळ्यांचे गुडघे-कोपर पांढरे पडलेत, माती लागली की चरचरतं. म्हणून चार दिवसांपूर्वी मी मातीला तेल पाजलं होतं. हळद, ताक, कापूर नेहमीचं, आणि तेल दुप्पट. नेहमी तिळाचं घालतो. या वेळी नारळाचं घातलं, फुटलेल्या कातडीला ते जास्त मानवतं म्हणून. तुझ्या जत्रेच्या आधी चार दिवस तेच केलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदा, आणि आता दुसऱ्यांदा. मधली वर्षं त्या बदनामीपायी गरडीला कुलूपच होतं.

प्रद्युम्ननं जोडीदाराला उचललं आणि पकड सुटली. दोघे कोसळले, प्रद्युम्नचा खांदा निखळला. तो ओरडत होता आणि मी जाऊन आधी त्याच्या जोडीदाराच्या पाठीवर हात फिरवला. बुळबुळीत. माझं टाळकं सरकलं. त्या पोराला मी केसाला धरून भिंतीवर आदळलं, नाकातून रक्त आलं त्याच्या. मग प्रद्युम्नकडे वळलो, त्याच्याही छातीला तेच तेल. खांदा लोंबतोय आणि मी त्याच्यावर हात उगारलाय. तो म्हणाला, "लावलो नाही गुरुगळे. आंजनेयाची आण."

तेच शब्द. हात वरच राहिला.

दोघांनी एकाच दिवशी कशाला लावावं? आणि सरावाला कोण तेल लावून येतो, त्यात काय मिळणार? मी खाली बसलो आणि हौद्यातली मूठभर माती उचलली. कोरडी, भुसभुशीत. नीट पाहिलं तर तिच्यात रव्याएवढे पांढरे कण. थंडीत बाटलीतलं नारळाचं तेल गोठतं हे घरातल्या बायकांना माहीत, पोरांना माहीत. ते मातीतही गोठेल, हे बेचाळीस वर्षं माती कालवणाऱ्या मला सुचलं नाही. ती मूठ मी दोन्ही तळव्यांत चोळत बसलो. अंगाच्या उबेनं कण गेले आणि हात चकाकायला लागले.

पंचाच्या हाताला तुझं अंग कोरडं लागलं, कारण तोवर तू थंड होतास. आठव्या मिनिटाला तू तापला होतास.

प्रद्युम्नचा खांदा मीच बसवला. ज्याचं नाक फोडलं त्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाच्या पाया पडलो. बाप घाबरला, म्हणाला वस्ताद हे काय.

तेल मी लावलं, संताजी. माझ्या हातांनी, मानेपासून घोट्यापर्यंत. आणि त्याच हातांनी काठी धरून मी तुला नाव विचारत होतो.

तू क्षमा करावीस म्हणून लिहीत नाही. मी मागतोय, पण ती कशी मागतात ते मला येत नाही. हे आईला अजून सांगितलेलं नाही. धीर होत नाही.

अप्पा

टी. नरसीपूरहून आल्यावर, २९ डिसेंबर २०२५

संताजी,

काल विजयेंद्रकडे गेलो. तीन वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. लबाडाचा बाप म्हणून कुठल्या तोंडानं जायचं, असं वाटायचं. आता लबाडी नाही, चूक आहे, आणि ती माझी आहे, एवढं सांगायचं आणि त्यानं काय करायचं ते करावं, असं ठरवून गेलो.

त्याच्या बायकोनं, प्रार्थनानं, दार उघडलं. मला ओळखून ती दारातच उभी राहिली, आत घेईना. आतून त्याचाच आवाज आला, "येऊ दे त्यांना. या वस्ताद, उशीर केलात."

खाटेवर होता. छातीखाली काही हलत नाही. ज्या माणसानं तुला कापसाच्या गाठोड्यासारखं उचललं होतं, त्याच्या मांड्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्यात. पण त्याची कातडी बघत राहिलो. इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीला, टाचांना जखमा व्हायला हव्यात, थंडीत तर चिरतंच. त्याची पाठ लहान मुलासारखी होती. मी प्रार्थनाला म्हणालो, तू फार निगा राखतेस. ती म्हणाली, "मला कुठलं कळतं. संताजी येऊन दाखवून गेले सगळं. दोन तासांनी कूस बदलायची, ओल्या अंगाला तेल, हाडावर रगडायचं नाही."

मी विचारलं, कोण संताजी?

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला आजही मान वर करता येत नाही. तू दर दोन महिन्यांनी ऊटीहून येतोस. मोडक्या हातानं त्याला उचलून न्हाणीत नेतोस. आणि मी तुला पत्रात शिकवत होतो की तेल ओल्या अंगाला लावावं.

मी विजयेंद्रला सांगायला सुरुवात केली, की माती माझी होती, तेल माझं होतं. त्यानं मध्येच थांबवलं. "माहीत आहे. पडताना मलाही नारळाचा वास आला होता. संताजी पहिल्यांदा आला तेव्हाच सांगितला मला. मी त्याला इथून थुंकलो होतो. तो तोंड पुसून म्हणाला, माती अप्पांची होती. त्यांना कळू देऊ नका, गरडी सोडून त्यांच्याकडे काही नाही."

म्हणजे तुला माहीत होतं. दगड बसत होते तेव्हा माहीत होतं. मी काठीगणिक नाव विचारत होतो तेव्हा तुला नाव माहीत होतं आणि तू ते दातांखाली धरून ठेवलंस. एकदा म्हणायचं होतंस, अप्पा तुम्ही. एक शब्द. मी कदाचित तेव्हा आणखी मारलं असतं. तू मला ओळखतोस.

मी विजयेंद्रला विचारलं, मग तू का नाही सांगितलंस लोकांना? तो म्हणाला, "पहिलं वर्ष कुणीतरी मार खाल्ला याचं बरं वाटत होतं. नंतर त्यानं शपथ घातली."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. विळी बाजूला ठेवली, उठली आणि मला थोबाडीत मारली. मग दुसरी. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी उभा राहिलो. ती दमेपर्यंत मारत होती.

खंडोजी

म्हैसूर, १८ जानेवारी २०२६

संताजी,

अक्षर सहानाचं आहे, शब्द माझे. माझा डावा डोळा बंद आहे आणि उजव्या हाताला पट्टी आहे. काळजीचं काही नाही.

काल त्याच जत्रेत गेलो. तू शपथ घालून ठेवलीस ती विजयेंद्रला, मला नव्हे. गरडी सोडून माझ्याकडे काही नाही हे खरं असेल, पण ती तुझ्या बदनामीवर उभी ठेवायचा मला हक्क नाही.

शेवटच्या जोडीच्या आधी हौद्यात उतरलो. पंच तेच होते. म्हटलं, पाच मिनिटं द्या. सदरा काढला. सहासष्टाव्या वर्षी उघडं अंग बघून पोरं हसायला लागली. डब्यातून माती काढली, तशीच कालवलेली, चार दिवस थंडीत ठेवलेली. मानेपासून घोट्यापर्यंत चोळली आणि पंचांना म्हटलं, धोतर ओढा. धोतर कोरडं. मग मी बैठका मारायला लागलो. शंभर झाल्या, दीडशे झाल्या, छाती फुटायला आली. कुणी हसत नव्हतं. म्हटलं, आता ओढा.

पट्टा उठला. तोच तांबडा, तेलकट पट्टा. पंचांनी धोतर दोन्ही हातांनी वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. मी ओरडून सांगितलं, ही माती माझी होती. पोराचं अंग फुटलं होतं म्हणून मी तेल घातलं होतं. संताजीनं काही लावलं नव्हतं, आणि त्याला हे ठाऊक होतं, आणि मला वाचवायला तो गप्प बसून माझा मार खात होता.

मग विजयेंद्रचा थोरला भाऊ हौद्यात उतरला. पहिली बुक्की डोळ्यावर आली. दोन माणसं त्याला धरायला धावली, मी त्यांना सांगितलं, सोडा. त्यानं मला पाडलं आणि लाथांनी मारलं. बरगडीवर, हातावर. मला पलटी मारायचा डाव सुचत होता, अंगात अजून आहे तो, पण मी हात मातीवर पसरून ठेवले. मारता मारता तोच रडायला लागला आणि माझ्या छातीवर बसून राहिला.

नंतर गरड्यांच्या जुन्या वस्तादांनी बसून ठरवलं. आपल्या गरडीची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. मी स्वतःच कमरेची सोडून दिली. प्रद्युम्न तूर्त पोरांकडे बघेल. त्या जत्रेनंतर तुझ्यावर घातलेली कुस्तीची बंदी उठवली, तसं लिहून सगळ्या गरड्यांत लावणार आहेत.

मला रिक्षात घालत होते तेव्हा एक म्हातारा गर्दीतून पुढे आला. कोण, कुठला, माहीत नाही. त्या वर्षी त्यानंही दगड मारला होता, असं म्हणाला. माझा हात धरून त्यानं विचारलं, "मग एल्ली?" मुलगा कुठे आहे?

पाच हजार लोकांसमोर बोललो होतो, पण त्या एकाला ऊटीत आहे एवढंच सांगितलं; तू परत येशील का, ते मला ठाऊक नाही. तो पुढच्या वर्षी पुन्हा विचारेल. त्याला काय सांगू, ते कळव.

अप्पा